एक वीत जागा

आमच्या गुमसान गावच्या शेतात जिनसेंग या औषधी मुळाची रोपं लावायला भोकांची फळी होती. दोन रोपांत एक वीत अंतर, आणि मधलं एक भोक मेणानं कायमचं बुजवलेलं.

"ती जागा डोंगराच्या मालकाची, त्या देवाची," सासूबाई म्हणायच्या. "तिथे रोप नको, आणि कच्चं खत तर कुठेच नको."

मी शहरातली, पाचव्या महिन्यातली गरोदर, आणि आगाऊ. सासूबाई देवळात गेल्या तशी मी मेण खरवडलं, भोकाखाली कोंबडखत घातलं आणि रोप लावून मोकळी झाले.

सहा वर्षांनी खणलं, तर आजूबाजूची मुळं सुतळीएवढी आणि मधलं हे दांडगं! दोन पाय, दोन हात. सासूबाई मुळाची माती हुंगून म्हणाल्या, "सूनबाई, खाल्लंस ना शेण? पूर ते परत." पण एवढं मूळ कोण पुरतं! मी ते सोजू दारूच्या बरणीत घालून बैठकीत मांडलं. वर चार बोटं जागा राहिली होती.

माझी लेक दाम्बी तेव्हा सहा वर्षांची. पुढची दोन वर्षं तिची उंची तसूभरही वाढली नाही. डॉक्टरांना काही सापडेना. शरदातल्या सणाला उंची मोजायला दाराच्या चौकटीपाशी उभी केली, तर रेघ तिथेच. मला रडू फुटलं.

"रडतेस काय? बरणी बघ," सासूबाई म्हणाल्या.

मुळाचं डोकं झाकणाला टेकलं होतं.

बरणी उराशी धरून मी शेतात धावले. मूळ होतं तिथेच पुरलं, आणि भोवतालची माती वीतभर मोकळी ठेवली. सासूबाईंनी फळीचं भोक पुन्हा मेणानं बुजवलं.

वसंतापर्यंत दाम्बी चार बोटं वाढली. मी तिला कडेवर घेऊन गावभर नाचले.

फक्त एक आहे. जेवायला बसताना ती माझ्यापासून वीतभर लांब बसते. काल मी लाडानं जवळ सरकले, तर तिनं मला दोन्ही हातांनी ढकललं.

"आई, सरक ना! त्याच्या मांडीवर बसतेयस."

आणि तिनं भाताची दुसरी वाटी त्या मोकळ्या जागेपुढे ठेवली.