पिवळी जाकिटं

ब्रदर व्हर्ननचा आवाज चर्चमध्ये मधासारखा असतो. दवाखान्यासमोरच्या फुटपाथवर त्याची सुरी होते.

डॉक्टर दर मंगळवारी विमानानं येतात आणि दुपारी बाराला निघतात. आमच्या गावातला एकही डॉक्टर गर्भपाताचं काम करायला तयार नाही.

एकतीस वर्षं मी शाळेची बस चालवली. कुणी ओरडलं की मला झोप येते.

दवाखान्याशेजारचं घर चर्चनं विकत घेतलं. पाटी लावली : महिला मदत केंद्र. आत सोफे, बिस्किटं आणि गोड बोलून वेळ खाणाऱ्या बाया.

गाडीपासून दारापर्यंत पेशंटला सोबत करणाऱ्या आम्ही पाचजणी, आळीपाळीनं एकेक. ओळखू यावं म्हणून आमची जाकिटं पिवळी. ईस्टरनंतर त्या बायांचीही पिवळी झाली.

अकरा वाजून गेले होते. नर्स ओडेसा दारात आली.

"वायनेलबाई, नऊची आलीच नाही."

"घाबरली असेल. जाईल उद्या दुसरीकडे."

"उद्या कुठलं? आज शेवटचा दिवस तिचा, आठवडे भरतायत. उद्यापासून या राज्यात कायदा हात लावू देणार नाही." ओडेसानं रस्त्याकडे बोट केलं. "आणि ती हिरवी गाडी नऊपासून उभी आहे. कोणाची?"

नंबरप्लेट तीन परगणे पलीकडची. मी शेजारच्या घराकडे पाहिलं. खिडकीत पडदा. पायरीवर चर्चची मॅव्हिस, पिवळं जाकीट घालून, हातात बिस्किटांची ताटली.

"मॅव्हिस, ती पोरगी आत आहे?"

"कुठली पोरगी गं? आत बाळं आहेत. आई आणि बाळ."

"ती आमची पेशंट आहे."

"देवाची आहे ती. बिस्कीट खातेस?"

त्यांच्या हद्दीत पाऊल टाकलं असतं तर पोलिसांनी मलाच उचललं असतं. व्हर्नन कॅमेरा घेऊन त्याचीच वाट बघत होता. "ये ना म्हातारे, ये. एकच पाऊल."

हाक मारावी तर नाव माहीत नाही. पेशंटची नावं आम्हाला सांगत नाहीत, नियमच आहे. नाव नसलेल्या बाईला कसं बोलवायचं?

मी हद्दीवर उभी राहिले आणि बसमध्ये मागच्या बाकापर्यंत जायचा तो आवाज काढला.

"हिरव्या गाडीवाल्या बाई! लाइट चालू राहिलेत! बॅटरी बसेल!"

आमच्याकडे माणूस अंत्यसंस्कारातूनही उठून येतो अशा हाकेला.

पडदा हलला. दार उघडलं. बावीस-तेवीसची असेल. कोंबड्यांच्या कारखान्याचा गणवेश, हातात किल्ली. मॅव्हिस आडवी आली : "बाळ, बस तू, मी बघते," पण पोरगी तिला ओलांडून गाडीपाशी आलीसुद्धा.

"लाइट तर बंद आहेत."

"हो."

"म्हणजे तुम्हीही खोटंच."

"हो. खोटं बोलले. तू चुकीच्या घरात बसलीस. दवाखाना तो, विटांचा."

तिनं माझं जाकीट पाहिलं. मग मॅव्हिसचं पाहिलं. "त्या म्हणाल्या, डॉक्टर वाटेत आहेत. अडीच तास तेच म्हणतायत. आता तुम्ही म्हणताय, तिकडे चल. मी कुणाचं ऐकू?"

मी जाकीट काढलं आणि घडी करून काखेत धरलं.

"माझं ऐकू नकोस. दारावर नाव आहे, वाचता येतं तुला. मी सोबत येत नाही."

मॅव्हिस ओरडली, "खाटकाकडे पाठवतेय तुला ती!"

व्हर्ननचा भोंगा सुरू झाला. पन्नाशीचा बाप्या तान्ह्या बाळाचा आवाज काढत होता. "आई गं, मला मारू नकोस ना! आई, मी तुझं काय केलं?"

पोरगी चालत गेली, न धावता. पाटीसमोर थांबून तिनं खरोखरच नाव वाचलं, पूर्ण, आणि मग दार ढकललं.

अकरा चाळीस.

बारा वाजता डॉक्टरांची गाडी मागच्या फाटकातून गेली. शेजारच्या राज्यात दुपारी आठजणी त्यांची वाट बघत होत्या.

थोड्या वेळानं ओडेसा पोरीला घेऊन बाहेर आली. माझ्याकडे बघून तिनं नकारार्थी मान हलवली. "नुसत्या तपासण्यांना तास जातो. दहाला आली असती तरी झालं असतं."

पोरीच्या हातात एक कागद होता, नऊ तास लांबच्या, कायदा वेगळा असलेल्या राज्यातल्या दवाखान्याचा पत्ता.

"कधी जाशील?" मी विचारलं.

"उद्या पहाटे कारखान्यात पाळी आहे माझी. चुकली तर काढतात." ती ज्या स्वरात बोलली त्यात राग नव्हता. मला राग चालला असता.

तिच्या काचेवर, वायपरखाली, मॅव्हिसनं विणलेले मोजे खोचून ठेवले होते. बोटभर, पांढरे. पोरीनं ते हातानं काढले नाहीत. आत बसली, गाडी सुरू केली आणि वायपर लावले. काच कोरडी होती. मोजे करकरत डावीकडे गेले, उजवीकडे आले, पुन्हा डावीकडे गेले आणि पडले. व्हर्नन भोंग्यावर आभाराची प्रार्थना म्हणत होता.

त्याच दिवशी सकाळी आठ पन्नासला ती हिरवी गाडी पहिल्यांदा येऊन थांबली, तेव्हा मी माझ्या जागेवर नव्हते. रस्ता ओलांडून ब्रदर व्हर्ननशी भांडायला गेले होते.