दोन अक्षरांची उसवण

कापडावर 'आमच्यासाठी' हा शब्द भरून झाला, तसा तिने दोरा दातांनी तोडला आणि भावाच्या दुकानातल्या लांब टेबलावर कापड पसरलं. चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या मेजावर घालायचं कापड ते. शिवण भावाची, भरतकाम तिचं, आणि मेज तिच्या नवऱ्याच्या हातचं. तिघांचे हात लागले होते, आणि त्याच्यापायीच दोघे पुरुष महिनाभर एकमेकांशी अबोला धरून होते.

वाद मात्र जुनाच. भाऊ शिंपी, त्याचं म्हणणं, ख्रिस्त मेला तो सगळ्यांसाठी, ज्याला हवं त्याने पुढे यावं. नवरा सुतार, त्याचं म्हणणं, देवाने जग घडवण्याआधीच ज्यांना निवडलं, त्यांच्यासाठीच. चर्चच्या मंडळीत एका गटाला 'मोकळे' आणि दुसऱ्याला 'ठरलेले' अशी नावंच पडली होती. गंमत अशी, की सगळं आधीच ठरलंय म्हणणारा तिचा नवरा घराबाहेर पडताना कुलूप तीनतीनदा ओढून बघायचा, आणि माणूस मोकळा आहे म्हणणारा भाऊ बायकोला विचारल्याशिवाय सदरासुद्धा बदलायचा नाही.

कापडावर भावाला 'सर्वांसाठी' हवं होतं, नवऱ्याला 'निवडलेल्यांसाठी'. कुणाचंच मन मोडायला नको म्हणून पाळकांनी 'आमच्यासाठी' सुचवलं आणि सुटकेचा श्वास टाकला.

भावाने कापड वाचलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"ताई, आमच्यासाठी म्हणजे कुणासाठी?"

"मंडळीसाठी."

"आणि दारातून नवा माणूस आत आला, तर त्याने काय समजायचं? आमच्यासाठी, तुझ्यासाठी नाही! दाजींनी बरोबर डाव साधला. हे असंच मेजावर पडणार असेल, तर आम्ही सगळे पुलापलीकडच्या मंडळीत जातो."

त्याने आवाज चढवला असता तर तिने मनावर घेतलं नसतं. पण हे तो अगदी हळू, कात्री पुसत बोलला.  आईवडील गेल्यापासून चर्चमधला भावाशेजारचा तिसरा बाक हेच तिचं माहेर होतं. तिने कापड घडी करून पिशवीत टाकलं.

घरी नवरा फळीवर रंधा मारत होता.

"अहो, तो मंडळी सोडून जायचं म्हणतोय."

"जायचं ठरलेलं असेल तर जाईल. पण 'सर्वांसाठी' लिहिलंत, तर मी माझं मेज उचलून आणीन."

"खरंच गेला तर?"

 त्याचा रंधा एकाच जागी फिरत राहिला. फळीला खोलगट बाक आला तेव्हा कुठे त्याने हात थांबवला, आणि फळी उलटी करून भिंतीला लावली.

ती खिडकीशी बसली. कापड मांडीवर घेऊन तिने सुईच्या टोकाने 'म' उसवला, मग 'च'. त्यांच्या जागी दुसरी दोन अक्षरं भरली. बाकीचा शब्द तसाच राहिला. भावाला तिने एवढाच निरोप धाडला, की जायचं तर खुशाल जा, पण रविवारी एकदा येऊन वाच.

रविवारी मेजावर कापड पडलं. 'आपल्यासाठी.' ती तिसऱ्या बाकावर मधे बसली होती. उजवीकडून नवरा कानाशी आला.

"आपल्यासाठी. म्हणजे आपल्या माणसांसाठी, परक्यांसाठी नाही. मेव्हण्यांना बरं गं नमवलंस!"

तिने मान हलवली. थोड्या वेळाने डावीकडून भाऊ कुजबुजला.

"आपल्यासाठी! म्हणजे वाचणाराही त्यात आलाच की. दाजींनी कसं काय मान्य केलं?"

तिने तिकडेही तशीच मान हलवली. त्या दिवशी दोघेही गाणी इतक्या जोरात म्हणाले, की पेटीवाल्याने मागे वळून पाहिलं.

बाहेर आल्यावर नवऱ्याने मान खाजवली.

"मेव्हणे, आमच्याकडे..." तो अडखळला. "चला, आपल्याकडे चला जेवायला."

भाऊ हरखून गेला, पण सवयीने म्हणाला, "थांबा हं दाजी, हिला विचारतो."

हिला विचारायला ही होती कुठे? भावजय मुलांना घेऊन केव्हाच नणंदेच्या घराकडे चालू लागली होती.

घरात शिरताच नवरा उंबऱ्यातच थबकला. सगळ्यांची ताटं मांडून तयार होती. भावाच्या ताटाशेजारी त्याचा लाडका उंच पेलासुद्धा होता.

"अगं, हे येणार हे तुला आधीच माहीत होतं?"

"माहीत होतं," ती म्हणाली. "पण ठरवलेलं नव्हतं हं कुणी."

दोघेही बसता बसता थांबले.

"माहीत होतं म्हणजे ठरलेलंच होतं," नवरा म्हणाला.

"मुळीच नाही दाजी! बघणारा बघतो, येणारा आपल्या पायांनी येतो."

"मग तिचं बघणं चुकलं असतं तर?"

"चुकेल कसं? ताई आहे ती!"

महिन्याभराचं तुंबलेलं बोलणं आता काही आवरणार नव्हतं. भावजयीने तिच्याकडे पाहिलं. तिने भांड्यावरचं झाकण काढलं, आधी भावजयीला वाढलं, मग स्वतःला, आणि दोघी जेवायला बसल्या.