मी वाळलो नव्हतो

मित्रांनो, मी एक जुने कॉफीचे झाड आहे. खरे सांगायचे तर आता नुसते कुंपणाशी पडलेले खोड आहे. जिम्मा शहरावरच्या डोंगरात, बिर्कितूबाईंच्या परसात मी वाढलो. त्यांच्या घरची कॉफी म्हणजे माझीच कॉफी. शेजारणी घोट घेता घेता माझी वाखाणणी करायच्या आणि मी फुलून जायचो.

मग लागोपाठ दोन वर्षे पाऊस आला नाही. बिर्कितूबाईंचा मुलगा गमादा खालच्या झऱ्यावरून पाण्याचे कॅन खांद्यावर वाहून आणी. त्यातले थोडे मला मिळे. पुढे झरा आटत चालला, तेव्हा तेही बंद झाले.

मित्रांनो, मुळांचे पाणी तुटले की आमच्या अंगात एक संप्रेरक तयार होते; पाणी संपत आल्याचा निरोपच तो. पण नुसत्या निरोपाने भागत नाही. पानात एक प्रथिन असते, त्याला एरवी दुसऱ्या प्रथिनाने दाबून धरलेले असते. संप्रेरक आले की ती पकड सुटते. त्या प्रथिनावर फॉस्फेटचा इवलासा कण चिकटतो आणि ते जागे होते. मग ते इतर प्रथिनांनाही तसेच कण चिकटवत सुटते. पानांवरची बारीक छिद्रे मिटतात आणि उरलेले पाणी आत राहते. मीही छिद्रे मिटली. बरीच पाने गाळली. फुले धरलीच नाहीत. बघणाऱ्याला मी वाळलेला दिसत होतो. खरे तर जीव मुठीत धरून बसलो होतो.

बिर्कितूबाईंची मुलगी लेलिसे जिम्म्याला हेच शिकत होती. ती द्रवरूप नायट्रोजनचे एक गार वाफाळणारे भांडे घेऊन आली आणि माझी पाने तोडून लगेच त्यात टाकू लागली. तसे गोठवले नाही, तर ते फॉस्फेटचे कण बघता बघता निघून जातात. तेवढ्यात माझ्या जागी लावायला गमादाने आणलेली निलगिरीची रोपे तिला दिसली.

"दादा, हे मेलेलं नाही. त्यानं आतून दारं लावून घेतलीत. पावसापर्यंत थांब."

"दारं लावून बसलेल्याची आम्ही कुठवर वाट बघायची?" गमादा म्हणाला.

लेलिसेने आईकडे पाहिले. बिर्कितूबाईंनी मान वर केली नाही. "पानं न्यायला बरी येतेस. पाण्याचा कॅन उचलायला कधी आलीस का गं?"

झरा अजून ठिबकत होता. लेलिसे भांडे उचलून बसकडे गेली.

दुसऱ्या दिवशी गमादाने मला उपटले. माझी मुळे आतून पांढरी, ओलसर होती. त्याने ती पाहिली. त्याने कुदळ खांद्यावर टाकली. मग आईला काही न सांगता त्याने मला ओढत कुंपणाशी नेऊन टाकले.

पाऊस आला, तेव्हा माझ्या जागी निलगिरी वाढत होती. लेलिसे सुट्टीला आली. माझ्या पानांत तिला ते जागे झालेले प्रथिन आणि ते कण सापडले होते, आणि शास्त्रज्ञांच्या मोठ्या सभेत तिचे कौतुकही झाले होते.

"म्हणजे ते जिवंत होतं?" बिर्कितूबाईंनी विचारले.

"हो, आई."

गमादा उठून बाहेर गेला. बिर्कितूबाईंनी माझी एक फांदी चुलीत सारली आणि तिच्यावर बाजारातून आणलेली कॉफी उकळत ठेवली.

मित्रांनो, झाड वाळलेले दिसले तर त्याची साल नखाने खरवडून बघा. आत हिरवे असेल तर कुदळ खाली ठेवा. आणि ते हिरवे आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याने नुसते सांगून निघून जाऊ नये. पाणी घालावे.