पाणी पिणारा कागद

अकरा वर्षं एका कागद मिलमधून दुसऱ्या मिलमध्ये कंपनीचं केमिकल विकत फिरल्यावर करुणा रणपिसेच्या लक्षात आलं, की कागदवाल्यांना केमिकलपेक्षा ते कसं वापरायचं हे सांगणारं माणूस जास्त हवं असतं. कंपनीला मात्र विकणारंच माणूस हवं होतं. तिनं नोकरी सोडली, शिरूरच्या घरातल्या पुढच्या खोलीत टेबल टाकलं आणि ओळखीच्या मिलना फोन लावले. मी तुमच्याकडं येईन, तुमच्या माणसांना शिकवीन, अडचण असेल तर शोधून देईन. दोन महिने सगळे "छान, छान" म्हणाले आणि बोलावलं कुणीच नाही.

मग कारेगावच्या पुढच्या एका मिलमधून विक्रमचा फोन आला. मिल त्याच्या वडिलांची, पण दोन वर्षांपासून तोच बघत होता. तिथं रद्दीपासून खोक्यांचा तपकिरी कागद बनायचा.

"काही दिवस कागद एकदम चांगला निघतो आणि काही दिवस नुसता पाणी पितो," तो म्हणाला. "खोकी मऊ पडतात, माल परत येतो. आणि फेस तर इतका येतो, की टाकीच्या पायऱ्यांवरून खाली उतरतो. चार दिवस या. माणसांना शिकवा आणि जमलं तर हेही बघा."

सोमवारी सकाळी स्कूटरवर तपासणीची पेटी बांधून करुणा निघाली. नवरा महेंद्र एसटीच्या वर्कशॉपमध्ये होता. तो निघताना एवढंच म्हणाला, "पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकू नको."

तिनं नेमकं तेच केलं.

पहिल्या पाळीनंतर कॅन्टीनमध्ये वर्ग भरला. चौदा माणसं होती. करुणानं भिंतीवर चित्रं दाखवत सांगायला सुरुवात केली. कागदानं पाणी पिऊ नये म्हणून लगद्यात राळ घालतात. राळ धाग्याला धरून राहावी म्हणून तुरटी घालतात. तुरटीनं पाणी आम्लधर्मी, म्हणजे आंबट होतं, आणि लगदाही तसा आंबटच राहिला पाहिजे. आंबटपणा गेला की राळ सुटली, राळ सुटली की कागद प्यायला लागला. माणसं मान डोलवत होती, पण ती झोपेनं की समजल्यानं, ते कळत नव्हतं.

मागच्या बाकावर हौसराव आप्पा बसले होते. मिल सुरू झाली तेव्हापासून मशीन त्यांच्याच ताब्यात. करुणानं विचारलं, "आप्पा, आजचा कागद पाणी पितोय का, हे तुम्ही कसं ओळखता?"

आप्पांनी खिशातून कागदाचा तुकडा काढला, त्यावर जीभ टेकवली, डोळे मिटले आणि म्हणाले, "आज न्हाई पीत."

सगळे हसले. करुणानं त्याच रिळाचा तुकडा कापला, वजन केलं, त्यावर पाणी ओतून मिनिटभर ठेवलं, टिपून परत वजन केलं. कागदानं खरंच फार पाणी घेतलं नव्हतं.

"यंत्राला येळ लागतो," आप्पा म्हणाले. "जीभ तवाच सांगती."

त्या दिवशी तिनं सगळीकडचं पाणी तपासलं. लगदा हवा तेवढा आंबट होता, राळ ठीक, तुरटी ठीक. मग तिनं मशीनखालच्या टाकीत टॉर्च मारला. भिंतींवर बोटभर जाड बुळबुळीत थर होता. तिला वाटलं, सापडलं. जंतू वाढलेत, तेच फेस करतायत आणि तेच कागद बिघडवतायत. तिनं विक्रमसमोर आणि आप्पांसमोर तसं ठासून सांगितलं.

मंगळवारी मशीन बंद झालं. टाकी उघडी ठेवून आत वारा खेळवला आणि मग पाच जण ब्रश घेऊन उतरले. दुपारपर्यंत भिंती चकचकीत झाल्या. आप्पा काठावर उभे होते. ते मान हलवत मशीनकडं परत गेले. विक्रम मात्र खूश होता. त्यानं सगळ्यांना वडापाव मागवला.

बुधवारी सकाळी करुणा मिलमध्ये शिरली तेव्हा फेस टाकीच्या पायऱ्यांवरून उतरून फरशीवर पसरला होता. एक जण बिहारी हिंदीत देवाला काहीतरी ऐकवत खराट्यानं तो गटाराकडं ढकलत होता.

आप्पांनी कागदाला जीभ लावली आणि तुकडा तिच्या हातात दिला.

"घटाघटा पितोय," ते म्हणाले.

तिनं लगदा तपासला. आंबटपणा जवळजवळ गेला होता. आंबटपणा मोजायचा मीटर बिघडला असेल म्हणून तो धुऊन परत लावला, तेच दिसलं. तुरटीचा पंप बघितला. तो चालू होता, उलट आप्पांनी पहाटेपासून तुरटी वाढवली होती. एवढी तुरटी जाऊनही आंबटपणा कुठं जात होता, तिला कळेना. पाच माणसांना तिनं उगाच टाकीत उतरवलं होतं आणि ते पाचही जण आता तिच्याकडं बघत होते.

ती बाहेर पडली आणि चालत चालत रद्दीच्या आवारात गेली. तिथं पत्र्याच्या सावलीत पाच-सहा बायका रद्दीचे गठ्ठे फोडून त्यातलं प्लॅस्टिक, पिना, सुतळी वेगळी काढत होत्या. त्यांची मुकादम गिताबाई इनामगावची होती आणि रोज मिलच्या टेम्पोनं यायची.

"बसा मॅडम," गिताबाईनं एक गठ्ठा पुढं सरकवला. "फेस आला ना? आज यायचाच."

"आज यायचाच म्हणजे?"

"आज पांढऱ्याचा दिस हाय. पांढरा माल लागला की मशीनवर बोंब व्हती. आमी इथनं ऐकतो."

करुणा बसली. "कुठला पांढरा माल, मावशी?"

गिताबाईनं मागच्या ढिगातून एक पट्टी ओढली. कुठल्याशा छापखान्यातली कातरण होती, जाड, गुळगुळीत, चकाकणारी. "दर मंगळवारी ट्रक येतो. बुधवारी, बेस्तरवारी मशीनला लागतो. ह्यो फोडला की हाताला पीठ लागतं बगा, शाळंतल्या खडूवानी."

करुणानं तिचा हात धरून पाहिला. बोटांच्या रेषांमध्ये पांढरी पूड बसली होती.

"मावशी, हे कुणाला सांगितलं का नाही?"

"इचारलं कुणी?" गिताबाई सहज म्हणाली आणि पुढचा गठ्ठा फोडायला लागली.

करुणा कॅन्टीनमध्ये गेली, लिंबू मागितलं आणि ते कापून परत आली. तपकिरी पुठ्ठ्यावर पिळलं, काही झालं नाही. चकचकीत पट्टी फाडून तिच्या कडेवर पिळलं, तर तिथं बारीक बुडबुडे फसफसले. बायका भोवती जमल्या. गिताबाईनं तिच्या हातातलं लिंबू घेऊन स्वतः एकदा पिळून पाहिलं.

कागद गुळगुळीत व्हावा म्हणून त्यावर खडूचा थर दिलेला होता. तो खडू तुरटीचा आंबटपणा खाऊन टाकत होता आणि त्या भांडणात निघणारा वायू फेस बनून वर येत होता. आप्पा जेवढी तुरटी वाढवत, तेवढा फेस वाढत होता. सोमवारी तपकिरी माल चालू होता, म्हणून तिला सगळं ठीक दिसलं होतं.

आता हे सांगायचं होतं विक्रमला. पांढरी कातरण त्यानंच शोधली होती, दिवाळीपासून, स्वस्तात मिळते म्हणून.

"पांढरा कागद आहे तो," विक्रम म्हणाला. "तपकिरीपेक्षा चांगलाच की."

"वहीसाठी चांगला. तुमच्या पद्धतीला नाही."

विक्रमनं खुर्ची मागं सरकवली. "परवा तुम्ही टाकी म्हणाला होतात."

"हो," करुणा म्हणाली. "टाकी घाण होती, पण रोग तो नव्हता. माझं चुकलं. तेव्हा आता माझ्यावर विश्वास ठेवू नका. उद्या पांढरा माल अजिबात लावू नका आणि दुपारपर्यंत काय होतं ते बघा."

त्या दिवशीच्या वर्गात तिनं चित्रं लावली नाहीत. उभी राहिली आणि म्हणाली, "काल ज्यांना टाकीत उतरवलं त्यांची मी माफी मागते. मी एकच दिवस बघून निकाल दिला." मग एका पेल्यात तुरटीचं पाणी घेतलं आणि त्यात खडूची पूड टाकली. फेस पेल्याबाहेर आला तेव्हा मागच्या बाकावरून आप्पा उठून पुढं आले आणि सगळ्यात पहिल्या बाकावर बसले.

"परत करा," ते म्हणाले.

तिनं परत केलं.

"म्हंजी मी आठ म्हैने तुरटी घालून फेसच पिकवत व्हतो."

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आप्पा."

"सांगायला कुणाला म्हाईत व्हतं," आप्पा म्हणाले.

गुरुवारी सकाळपासून फक्त तपकिरी माल लागला. जुनं पाणीच फिरत असल्यामुळं दहापर्यंत फेस होताच. करुणाचं चहात लक्ष नव्हतं. अकराच्या सुमारास फेस पायऱ्यांखाली गेला. साडेबाराला टाकीतलं पाणी दिसायला लागलं. आप्पांनी तुरटी कमी केली, थांबले, आणखी कमी केली. मग रिळाच्या कडेचा तुकडा फाडून जिभेला लावला. सगळी पाळी त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

"न्हाई पीत," ते म्हणाले. "पण तुमचं यंत्र बी लावा. उगा शंका नको."

यंत्रही तेच म्हणालं.

विक्रम तिथंच उभा होता. तो आप्पांजवळ गेला. "आप्पा, आठ महिने माल परत आला की मी तुम्हालाच बोलत होतो."

"व्हय, बोलत व्हता."

"चुकलं माझं."

आप्पांनी मशीनकडं बघत हात पुसले. बराच वेळ पुसले. मग म्हणाले, "चहा सांगा समद्यांना. आन् पांढऱ्या मालाचं काय करायचं ते बगा."

त्याचं उत्तर करुणाकडं होतं. दौंडच्या बाजूला एक मिल वह्यांचा पांढरा कागद करायची. त्यांच्या पद्धतीत तुरटीच नव्हती, खडू तर ते स्वतःहून घालायचे. विक्रमनं तिथं फोन केला आणि सगळी कातरण तिकडं गेली.

करुणा एक दिवस जास्तीचा थांबली. शुक्रवारचा वर्ग रद्दीच्या बायकांसाठी होता. त्या आधी यायलाच तयार नव्हत्या. "आमी काय करायचं तिथं?" गिताबाईनं विचारलं. "मला शिकवलंत, तेच बाकीच्यांना शिकवायचं," करुणा म्हणाली. तेव्हा त्या आल्या, पदर सावरत, आणि चौदा पुरुषांना मागं सरकवून पुढं बसल्या. करुणानं त्यांना व्हिनेगरच्या ड्रॉपरच्या बाटल्या दिल्या. नवा गठ्ठा आला की तो मधूनही फोडायचा, थेंब टाकायचा. फसफसलं तर तो गठ्ठा बाजूला. एकीनं विचारलं, थोडंसंच फसफसलं तर काय? आप्पांना तो प्रश्न फार आवडला. त्यावर अर्धा तास वाद चालला. शेवटी दहा गठ्ठ्यांत असा एक चालेल, असं ठरलं.

तीन आठवड्यांनी दौंडच्या मिलनंही करुणाला बोलावलं. तिथं ती रद्दीच्या आवारात उभी असताना आप्पांचा फोन आला.

"काल एक ट्रक आल्ता," ते म्हणाले. "वर तपकिरी, मधी समदा चकचकीत. गितानं उतरूनच घेतला न्हाई. डायवर म्हणला, बाई तुमी कोण? तर म्हणती कशी, मी टेस्टिंगला हाय."

"मग?"

"मग काय, नेला की माघारी." आप्पा खूप वेळ हसत राहिले. "आन् विक्रमदादानं तिला खुर्ची दिलीया. बसत न्हाई ती, पर दिलीया."

करुणानं फोन ठेवला. समोर गठ्ठे फोडणाऱ्या बायकांनी तिच्याकडं पाहिलं. ती त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि इथं कुठल्या वारी कुठला माल येतो ते विचारायला लागली.