चष्म्यावर कोण बसलं

भाषणाला निघायच्या ऐन वेळी प्राध्यापिकाबाईंच्या चष्म्यावर कोणीतरी बसलं. एक काडी सोफ्यावर, दुसरी सोफ्याखाली आणि काचांचा पार चुरा.

विषय होता अरबी आणि उर्दूतली स्त्रियांची आत्मचरित्रं. दोन्ही भाषांतली एकेक लेखिका घेऊन बाईंनी वर्षभर डोकं शिणवलं होतं. आता लिहून काढलेल्या कागदावर त्यांना नुसत्या मुंग्या दिसत होत्या.

घरात दोघीच होत्या, आई आणि सासूबाई.

"कोण बसलं?" बाईंनी विचारलं.

"मी नाही बसले," सासूबाई म्हणाल्या. "बसले असते तर तोंडावर सांगितलं असतं. मी कुणाच्या बापाला भीत नाही."

आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुझे बाबा होते तेव्हा घरात दोन खुर्च्या जास्त होत्या. माणूस दमतं, जरा टेकतं. कोणाला काय म्हणायचं?"

बाई ऐकतच राहिल्या. त्यांची अरबी लेखिका पहिल्याच पानावर 'मी घर सोडलं' म्हणून मोकळी होते. घर उर्दू लेखिकेनेही सोडलेलं, पण ती त्या वर्षीचा उन्हाळा सांगते, मावशीचं दुखणं सांगते, दाराची कुरकुरणारी कडी सांगते. ती गेली, हे वाचकाला पुढच्या प्रकरणात कळतं.

सभागृहात बाईंनी कागद बाजूला सारला आणि चष्म्याचीच हकिगत सांगितली. "अरबी लेखिका म्हणजे माझ्या सासूबाई, उर्दू लेखिका म्हणजे माझी आई." लोक खो-खो हसले. विभागप्रमुख तेवढे हसले नाहीत. "याला आधार काय?"

"दोन्ही आधार पहिल्या रांगेत बसलेत, सर."

तशी आई उठली. "मी बसले चष्म्यावर," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "कडकन आवाज आला, तरी मी बसूनच राहिले. घाला तुमच्या भाषणात."

मग सासूबाई बोलल्या, जरा खालच्या पट्टीत. "सोफ्याची ती बाजू मुळात उन्हाची. उन्हात डोळे दिपतात. हातातली वस्तू कधी कधी तिथेच राहून जाते."

"अहो आई, म्हणजे माझा चष्मा तुम्ही लावला होता?"

"तुझ्या सासऱ्यांना वाचनाची फार आवड होती," सासूबाई म्हणाल्या.

विभागप्रमुखांनी पेन खाली ठेवलं. "आता यातली अरबी कोण?"

बाईंनी कपाळाला हात लावला.

नवा चष्मा आल्यावर त्या दोन्ही पुस्तकं पुन्हा घेऊन बसल्या. बेधडक अरबी लेखिका धाकट्या बहिणीचं नाव निघालं की दोन पानं समुद्राच्या हवेवर घालवते, हे आत्ता त्यांच्या ध्यानात आलं. आणि उर्दू लेखिका नवऱ्याबद्दल एकच वाक्य लिहिते, पण ते थेट कानाखाली वाजवल्यासारखं. सबंध भाषण नव्याने लिहिणं आलं.

दोघी विहिणी खांद्यावरून डोकावत होत्या.

"या वेळी मला अरबीत घाल," आई म्हणाली.

"घाल गं त्यांना," सासूबाई म्हणाल्या. "मी उर्दूत ऐसपैस बसते."