नुसतं पाहायचे पैसे

"चाळीस हजार," भाविका म्हणाली. एवढा आकडा तिने पहिल्यांदाच मागितला होता.

रूपचंद नानांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग ठेकेदार छगनकडे. फैजपूरच्या रस्त्याला लागून नानांचं केळी पिकवायचं गोदाम. त्याच्या मागच्या भिंतीला छतापासून जमिनीपर्यंत तडा गेला होता. छगनचं म्हणणं, सगळं पाडा आणि नवं बांधा, तीस लाखांचं काम. नानांचा जीव वरखाली झाला होता, म्हणून त्यांनी जळगावहून इंजिनिअर भाविकाला बोलावलं होतं.

"चाळीस हजार कशाचे?"

"गोदाम सुरक्षित आहे की नाही ते तपासून लेखी सांगण्याचे."

"म्हणजे नुसतं पाहायचे! बन्सीलाल साहेबांनी पाहायचे कधी पैसे घेतले नाहीत, पोरी."

खरंच होतं ते. बांधकाम निघालं तर खर्चावर टक्केवारी आणि नाही निघालं तर राम राम, ही तिच्या वडिलांची, बन्सीलालांची रीत. अर्ध्या जिल्ह्याच्या गच्च्यांवर ते असे फुकट चढले होते. चैत्रात ते गेले. मग लोक तिला बोलवू लागले, "ताई, नुसती नजर टाकून जा." ती जायची, आणि येताना गाडीत केळीचा घड असायचा. तिच्या आईने, लताबाईंनी, शिकरण केलं, भजी केली, शेजारी वाटली, आणि एक दिवस शांतपणे म्हणाल्या, "भाविका, ऑफिसचं भाडं केळ्यांत घेतात का ते विचार एकदा."

पुण्याच्या एका कंपनीने नोकरी देऊ केली होती. होकार आज संध्याकाळपर्यंत कळवायचा होता. रात्रीच तिने मनाशी ठरवलं होतं: उद्या फैजपूरला आपली फी आपण सांगायची. मिळाली तर ऑफिस चालू, नाहीतर कुलूप.

"मला पण टक्केवारी परवडेल, नाना," ती म्हणाली. "तीस लाखांवर टक्के घेतले तर जास्तच मिळतील. फक्त मग मी 'पाडा' म्हणाले, तर तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवाल?"

छगन खाकरला.

"म्हणून फी आत्ता ठरवू. पाडा म्हणाले तरी तेवढीच, पाडू नका म्हणाले तरी तेवढीच."

"आणि काहीच काम निघालं नाही तर?"

तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या वजनकाट्यावर एक ट्रक चढला. भाविकाने तिकडे बोट केलं. "काट्यावर माल कमी भरला तर काटेवाला पैसे परत देतो का?"

नाना हसले. हसताना त्यांचं पोट हललं. "बापापेक्षा जड आहेस. बरं, वीस घे."

तिला 'बरं' म्हणायचं होतं. जिभेच्या टोकावर होतं. पण ती म्हणाली, "चालेल. वीस हजारांत सहा खांब तपासते आणि त्या सहांचंच लिहून देते. बाकीचे सहा तुम्ही अंदाजाने धरा."

"अर्धं गोदाम सुरक्षित म्हणून लिहून देणार?"

"अर्धे पैसे, अर्धं गोदाम."

खाटेवर बसलेल्या भिकुबाई, म्हणजे नानांच्या पत्नी, धुळ्याकडच्या. त्या पदर तोंडाला लावून हसल्या आणि अहिराणीत नवऱ्याला देऊन टाकायला सांगू लागल्या. "देई टाका ना आते! तठे छगनले तीस लाख देवाले तयार व्हतात!"

"पूर्ण बारा," नाना म्हणाले. "चाळीस."

पुढचे काही तास भाविकाला कसे गेले ते कळलं नाही. तिने खांबांचा गिलावा जागोजागी फोडायला लावला, आतली सळई पाहिली, काँक्रीटवर ताकद मोजायचं हातोडीसारखं यंत्र दाबून आकडे टिपले. प्रत्येक खांबागणिक तिचा उत्साह वाढत होता. सळईला गंज नव्हता. काँक्रीट खणखणीत होतं. मग तडा का? ती तड्याच्या रेषेने खाली खाली गेली, गुडघ्यांवर बसली, आणि भिंतीच्या पायाशी तिचा हात ओल्या मातीत रुतला. केळी धुतलेलं पाणी फुटक्या नाल्यातून थेट भिंतीखाली मुरत होतं. काळी माती फुगली होती आणि तिने भिंत उचलली होती. भार खांबांवर होता. भिंत नुसता आडोसा.

"नाना!" ती जवळजवळ ओरडलीच. "पाडायचं काही नाही! नाला दुरुस्त करा, माती सुकू द्या, मग तेवढीच भिंत नवी बांधा. दीडेक लाखात होईल."

"बठ्ठं ठीक शे ना, माय?" भिकुबाईंनी विचारलं.

"बठ्ठं ठीक शे, अक्का, सगळं ठीक."

छगनने टेप गुंडाळून खिशात टाकला. "भिंत तरी मलाच द्याल ना, नाना?"

"भाव सांग आधी," नाना म्हणाले, आणि तिथेच उभ्या उभ्या भाविकाच्या खात्यावर पूर्ण चाळीस पाठवले. फोन खिशात ठेवता ठेवता म्हणाले, "सावद्याला माझ्या व्याह्याचं गोदाम आहे. त्याला चाळीसच सांगतो."

"नका सांगू. किती मोठं, किती जुनं ते बघितल्याशिवाय भाव नाही सांगणार."

गाडी सुरू करण्याआधी तिने आईला फोन लावला. लताबाईंनी आकडा पुन्हा एकदा विचारून घेतला.

"ह्यांना कधी जमलंच नाही गं मागायला," मग त्या म्हणाल्या.

"हो." भाविकाने डोळे पुसले. मातीचा हात, गालावर काळा पट्टा उमटला. "आई, पुण्याला 'नाही' कळवते. आणि ऑफिसच्या जागामालकाला सांग, उद्या भाडं भरायला येते."