शहर दुसऱ्यांदा जिंकताना

इटलीतलं ते शहर आम्ही गढवाली शिपायांनी एका दिवसात दोनदा जिंकलं. पहिल्यांदा सकाळी. जर्मन आधीच पळाले होते, त्यामुळे एकही गोळी न झाडता आम्ही आत शिरलो आणि लोकांनी दिलेली फळं खात चौकात बसलो. दुपारी फिल्म काढणारा गोरा साहेब पोचला. लढाई हुकली म्हणून बिचारा रडकुंडीला आला. मग कर्नलसाहेबांनी आम्हाला परत टेकडीखाली धाडलं आणि शहर पुन्हा जिंकायला लावलं.

"एकजण पडायला हवा," फिल्मवाला म्हणाला.

हवालदार भरत सिंहनं माझ्याकडे बोट केलं. "कलम सिंह, तू मर. नाहीतरी धावताना मागेच राहतोस."

"हवालदारजी, घरी बायको आहे माझी."

"तिला कोण सांगायला जातंय? मर म्हटलं ना!"

मी मेलो.

कार्तिकात आमच्याकडच्या जत्रेत भरतीवाल्यांची मोटार आली. पडदा लावून त्यांनी तीच लढाई दाखवली. आमच्या गावानं त्याआधी हलतं चित्र कधी पाहिलं नव्हतं. सगळ्यांनी मला ओळखलं आणि पडतानाही पाहिलं. आईनं तिथेच ऊर बडवून घेतला. माझं शेवटचं पत्र वैशाखातलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाव्यानं माझ्या धाकट्या भावाचं, बचन सिंहचं, डोकं भादरलं. बायका गोदांबरीची नथ उतरवायला आल्या. गोदांबरी म्हणजे माझी बायको.

"हात लावाल तर चावेन," ती म्हणाली. "ते मेलेले नाहीत."

"अगं ब्वारी, सूनबाई, सगळ्या जत्रेनं पाहिलं!" आई रडत म्हणाली.

"मग सरकारची तार कुठाय?"

"तार म्हणजे नुसता कागद," बाबा म्हणाले. "इथे तर सरकारनं त्याला मरतानाच दाखवला."

"ससुरजी, तुम्ही पागोट्यात तोंड खुपसून रडत होतात. तुम्ही पाहिलंच नाही. मोटार आज सतपुलीला आहे. चला माझ्याबरोबर. पाहून तुम्हीही 'तो मेला' म्हणालात, तर नथ मीच काढून देईन."

नऊ मैल दोघं चालत गेले. बाबा पडद्याच्या अगदी पुढ्यात जाऊन बसले. चित्र सुरू झालं, मी चढावरून धावत आलो.

"आता बघा," ती म्हणाली. "पडायच्या आधी मान वळवून मागे बघतायत ना? मागे कंडाळी वाढलीय. अंगाला लागली तर आठवडाभर आग. म्हणून दोन पावलं बाजूला सरकले, टोप सावरला आणि मऊ गवत बघून पडले. गोळी लागलेला माणूस जागा निवडतो का?"

बाबांनी मोटारवाल्याच्या हातापाया पडून ते पुन्हा दाखवायला लावलं. मग उठून भर गर्दीत ओरडले, "हा तर माझाच कामचोर! गवताचा भारा उचलायला सांगितला की अस्साच आडवा व्हायचा!"

लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं दुःखानं डोकं फिरलं. बाबा हसतच घरी आले आणि तेरावं ठरवायला बोलावलेल्या पंडिताला चहा पाजून परत पाठवलं. माझं पत्र पौषात पोचलं.

पुढच्या वर्षी मी सुट्टीवर आलो. बचन सिंह धड बोलेना. "भैजी, माझे केस फुकट गेले. निदान जखमी तरी होऊन यायचंत!"

गोदांबरी एकटी सापडल्यावर मी म्हटलं, "तू नसतीस तर मी मेलोच होतो."

"मरायला दुसरा कोणी नव्हता का तिथे?"

"होते की. पण हवालदारानं मलाच सांगितलं."

"आणि तुम्ही मेलात! विचारायचं तरी, घरी काय होईल म्हणून."

हे भांडण आम्हाला एकेचाळीस वर्षं पुरलं. गेल्या चैत्रात ती गेली. त्या भांडणातलं माझं म्हणणं अजून सांगायचं राहिलंय.